जाळायला जीव होईना असं गाव

इ.स. १०२१ च्या सुमाराची गोष्ट. नॉर्वेचा राजा उलाव हरालसोन डोंगरातल्या वस्त्यांना ख्रिस्ती करत फिरत होता (पुढे हाच संत उलाव झाला). त्याची पद्धत सरळ होती. बाप्तिस्मा घ्या, नाहीतर लढायला उभे राहा, नाहीतर घरंदारं जाळतो. असा फिरत तो लोम नावाच्या वस्तीच्या वरच्या कड्यावर आला आणि त्याने खाली पाहिलं. नदी, तळं, उतारावरची शेतं. आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्तुर्लुसोन याने दोनशे वर्षांनी हा प्रसंग लिहिला. तो सांगतो की इतकी देखणी वस्ती जाळावी लागली तर वाईट होईल, असं राजाला वाटलं. ती वेळ आली नाही. लोकांनी मुकाट्याने नवा देव पत्करला.

लोमच्या सौंदर्याची इतकी जुनी दुसरी नोंद माझ्या वाचनात नाही. आणि गंमत बघा, ती ज्याच्या तोंडची आहे तो माणूस बाहेरचा होता, उंचावर उभा होता आणि गाव जाळायच्या तयारीने आला होता. पुढची हजार वर्षं ह्या गावाला सुंदर म्हणणारे बहुतेक असेच वरून किंवा बाहेरून आलेले. (हातात मशाल नसते आता, कॅमेरा असतो.) खाली राहणारे काय म्हणत होते हे कळायला मात्र जरा खणावं लागतं. कधी अक्षरशः जमीन खणून, कधी बर्फ वितळायची वाट बघून.

मीही बाहेरचीच. धाकटी लेक आणि जावई ऑस्लोत असतात, त्यांच्याबरोबर २०१८ च्या उन्हाळ्यात आठ दिवस लोमला राहिले. आमच्या घरातल्या मंडळींनी फोटो पाहिलेच आहेत, त्यामुळे हिरवे डोंगर, काळं लाकडी चर्च आणि गावाच्या मध्यातून उड्या मारत जाणारी बोव्रा नदी यांचं वर्णन पुन्हा करत नाही. नातू तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आजी, आपण इथेच राहू या ना कायमचं." मी हसून "बघू" म्हटलं. पण इतिहास-भूगोल शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे प्रश्न डोक्यात राहिला. इथे कायमचं राहणाऱ्यांचं कसं चाललं असेल? परत आल्यावर मिळेल ते वाचत गेले, त्यातून हा लेख.

आधी गाव म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या डोळ्यांपुढे पार, वेस, देऊळ आणि दाटीवाटीची घरं येतात. नॉर्वेच्या डोंगरातलं गाव तसं नसतं. एकेक कुटुंब आपापल्या शेतावर, दोन घरांत हाकेचंही अंतर नाही. लोम पंचक्रोशीचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास आणि माणसं दोन हजारांच्या थोडी वर. म्हणजे माणशी जवळजवळ एक चौरस किलोमीटर, पण त्यातला बहुतेक खडक आणि बर्फ. प्रत्येक शेताला नाव, आणि त्या शेतावर राहील त्याचं आडनाव तेच. माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की त्याचं आडनावही बदलायचं! १९२३ च्या कायद्याने आडनावं कायम झाली. आपल्या पाटणकर-कराडकरांना हे समजायला अवघड जाऊ नये.

आता पाण्याचं बघू. मला सगळ्यात नवल वाटलं ते इथेच. नॉर्वे म्हटलं की पाऊस, असं आपण भूगोलात शिकवतो, आणि ते पश्चिम किनाऱ्यापुरतं खरं आहे. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण समुद्रावरून येणारे ढग योस्तेदालची हिमनदी आणि युटुनहाइमेनचे डोंगर ओलांडेपर्यंत रिकामे होतात. पलीकडच्या लोमला जेमतेम तीनशे मिलिमीटर. शेजारच्या शोकला त्याहूनही कमी. अस्सल पर्जन्यछाया! साताऱ्याच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. महाबळेश्वर आणि माण तालुका एकाच जिल्ह्यात आहेत.

मग ती हिरवीगार कुरणं कशी? तर पाटांनी. वर डोंगरात बर्फ वितळून वाहणारे ओढे अडवायचे आणि उतार साधत, कुठे जमिनीत चर खणून, कुठे लाकडाचे पन्हळ टाकून पाणी मैलोगणती खाली शेतापर्यंत आणायचं. ही पद्धत ह्या भागात मध्ययुगापासूनची. पाणी शेताशी आलं की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते उडवून पिकावर शिंपायचं, ओंजळीने सडा घालावा तसं. ह्या कामात बायका-पोरंही असत. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाळी रात्रीची आली तर रात्री उठायचं. उन्हाळ्यात तिथे रात्र नावालाच असते हे त्यातल्या त्यात बरं.

आम्ही गेलो त्या २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण नॉर्वेत मोठी अवर्षणाची आपत्ती होती. चारा नाही म्हणून शेतकरी जनावरं कत्तलखान्याकडे पाठवत होते, रोज बातम्यांत तेच. लोमला मात्र शेताशेतांत पाण्याचे फवारे फिरत होते. त्यांना कोरड्या उन्हाळ्याची सवय आठशे-हजार वर्षांची. शेजारचे पर्यटक फवाऱ्यात पडलेल्या इंद्रधनुष्याचे फोटो काढत होते. मीही काढला.

चर्चकडे येते. लोमचं लाकडी चर्च साधारण ११६० च्या सुमाराचं. उभ्या खांबांच्या ह्या बांधणीला स्टाव म्हणतात, आणि सबंध नॉर्वेत आता अशी अठ्ठावीसच उरली आहेत. सतराव्या शतकात गाव वाढलं तसं हेही वाढवलं. १९७३ मध्ये त्याच्या जमिनीखाली उत्खनन झालं. शतकानुशतकं फळ्यांच्या फटींतून जे जे खाली पडलं ते तिथे साठलेलं होतं, ढिगाने नाणी आणि रून लिपी कोरलेल्या काठ्यासुद्धा. त्यातली एक काठी म्हणजे चक्क लग्नाची मागणी! होवर्द नावाचा कोणी गुदनी नावाच्या मुलीला कळवतो आहे की तुझा हात मागायची माझी मनापासून इच्छा आहे, कोल्बेनशी करायचं नसेल तर विचार कर आणि निरोप धाड. बास. डोंगर किती सुंदर आहेत, तळ्यात चंद्र कसा पडतो, एक अक्षर नाही. कोल्बेनची धास्ती तेवढी आहे.

मला ही काठी राजाच्या उद्गारापेक्षा मोलाची वाटते. आतून आलेला हा पहिला आवाज, आणि तो निसर्गाबद्दल बोलत नाही, शेजाऱ्याबद्दल बोलतो.

दुसरी साक्ष बर्फातली. लोमच्या डोंगरात लेंडब्रेन नावाची एक बर्फाची पट्टी आहे. गेल्या काही वर्षांत तिथला बर्फ इतका वितळला की आतून वस्तू बाहेर येऊ लागल्या. २०११ मध्ये चुरगळलेल्या गोळ्यासारखा एक लोकरी अंगरखा सापडला. तपासला तर इ.स. तिसऱ्या-चौथ्या शतकातला, आणि त्याला ठिगळं लावलेली. सतराशे वर्षांपूर्वी कोणी बाईने (बाईनेच, माझी खात्री आहे) तो सांधून पुन्हा वापरात आणला होता. पुढे शेकडो वस्तू निघाल्या आणि कळलं की ही डोंगरावरची वहिवाटीची वाट होती. साधारण इ.स. १००० च्या सुमाराला रहदारी सगळ्यात जास्त, म्हणजे उलाव राजा आला त्याच काळात. १३४९ मध्ये प्लेगची मोठी साथ आली, माणसंच उरली नाहीत, आणि नंतर वाट विसरली गेली.

ह्या वस्तूंत बोटभर लांबीचा एक घडीव लाकडी तुकडा होता, दोन्ही टोकांना खाच असलेला. तज्ज्ञांना तो ओळखेना. लोमच्या संग्रहालयात तो मांडून ठेवला होता. एक दिवस एक म्हातारी बाई बघायला आली आणि म्हणाली, हे तर करडाच्या तोंडात आडवं बसवायचं! म्हणजे ते आईला पीत नाही आणि दूध माणसांसाठी उरतं. तिच्या लहानपणी, १९३० च्या दशकात, तिच्याकडे तसंच वापरत असत. त्या तुकड्याचं वय काढलं तर अकराव्या शतकातला निघाला. आपल्याकडे वासराला मुसकं घालतात, त्याच कामाची वस्तू. नऊशे वर्षं जराही न बदललेली, आणि ओळखू आली ती गोठ्यात वाढलेल्या बाईला. प्रयोगशाळेचं काम वय सांगण्याचं, ते तिने चोख केलं. पण नाव आजीकडे होतं.

दूध हा इथला खरा आधार. खालच्या शेतातलं गवत हिवाळ्यासाठी राखायचं असतं, कारण गुरं सात-आठ महिने गोठ्यातच. म्हणून उन्हाळा लागला की गुरं-शेळ्या घेऊन वर डोंगरावर जायचं. आपल्या धनगरांच्या वाड्यासारखी तिथली उन्हाळी वस्ती, तिला ते सेटर म्हणतात. फरक एवढाच की वर जाणाऱ्या मुख्यतः बायका, त्यातही तरुण मुली. धारा काढायच्या, लोणी-चीज करायचं आणि शरदात सगळं खाली आणायचं. चित्रकारांनी ह्या मुलींना डोंगरावर शिंग फुंकताना रंगवलं आणि शहरातल्या लोकांच्या दिवाणखान्यात ती चित्रं लागली. प्रत्यक्षात पहाटेपासून धारा, मग चुलीशी तासन् तास ढवळणं.

ह्या ढवळण्यातूनच एक मोठी गोष्ट झाली. लोमच्या खाली त्याच गुडब्रान्सदाल खोऱ्यात १८६३ मध्ये आन्ने होव नावाच्या मुलीने चीज काढल्यावर उरलेलं पाणी आटवताना त्यात साय घातली. वय वर्षं सतरा. जे तयार झालं ते तपकिरी चीज आज नॉर्वेत घरोघरी पावावर ठेवून खातात. चव विचाराल तर कंदी पेढ्यात कोणीतरी चिमूटभर मीठ टाकल्यासारखी. (नातवाने दोन पुडे आणले, सोसायटीत वाटले, निम्म्यांनी नाकं मुरडली.) पुढे धान्याचे भाव कोसळले तेव्हा ह्या चीजने खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना तारलं. १९३३ मध्ये राजाने आन्नेबाईंना पदक दिलं, तेव्हा त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. सत्तर वर्षं लागली पदक यायला! असो.

तर एवढं करूनही सगळ्यांना पुरत नव्हतं. जमीन थोडी. थोरल्याला अख्खं शेत मिळायचं, वाटण्या नाहीत, आणि घराण्याबाहेर विकलं तरी नात्यातल्यांना ते परत घेण्याचा हक्क. ह्याला ते ओडेल म्हणतात. १८१४ च्या राज्यघटनेतही तो हक्क राखला आहे. ह्या कायद्याने शेतं टिकली, तुकडे पडले नाहीत. पण धाकट्यांचं काय? ते मोठ्या शेताच्या कडेला झोपडीवजा घर आणि वावभर जमीन घेऊन, त्याबदल्यात मालकाकडे राबत. आपल्याकडल्या कुळांचीच तऱ्हा. १७८९ च्या जुलैत खोऱ्यात भयंकर पूर आला, दरडींखाली शेतंच्या शेतं गेली, साठाहून अधिक माणसं दगावली, आणि कितीतरी कुटुंबं उत्तर नॉर्वेत जंगल तोडून वसायला निघून गेली. १८०१ ते १८६५ मध्ये देशाची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली, आणि मग अमेरिकेची वाट धरली गेली. १८२५ ते १९३० ह्या काळात आठ लाखांच्या वर माणसं नॉर्वेतून अमेरिकेला गेली. त्यात ह्या डोंगरांतल्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर रिकाम्या झाल्या.

नेमक्या त्याच वर्षांत शहरातले लोक डोंगर बघायला येऊ लागले, हे मला विलक्षण वाटतं. १८६२ मध्ये कवी ओस्मुन विन्येने ह्या पर्वतांना युटुनहाइमेन, म्हणजे राक्षसांचं घर, हे नाव दिलं. पुराणातलं नाव, पण डोंगरांना लावलं पहिल्यांदाच. १८६८ मध्ये डोंगरात भटकणाऱ्यांची संस्था निघाली. तिच्या झोपड्यांचं जाळं आज देशभर आहे. पुष्कळ झोपड्यांत कोणी राखणदार नाही. किल्ली घ्यायची, राहायचं, शिध्यातलं खायचं आणि हिशेबाने पैसे भरायचे. एका बोटीने लोमची पोरं मिनेसोटाला चालली आहेत आणि दुसऱ्या बोटीने ख्रिस्तियानियाचे (आताच्या ऑस्लोचे) प्राध्यापक काठ्या घेऊन वर येत आहेत! ज्याच्या पोटाला आहे त्यालाच डोंगर सुंदर दिसतो असं म्हणण्याचा मोह होतो. पण तेही पुरतं खरं नाही.

खरं नाही, कारण गाल्दहोपिग्गेन. उंची २४६९ मीटर, उत्तर युरोपातलं सर्वांत उंच शिखर, लोमच्याच हद्दीत. १८५० मध्ये त्यावर पहिले चढले ते कोणी साहेब नव्हते, लोमचेच तिघे होते. वाट दाखवणारा स्टाइनार सुलहाइम, चर्चचा सेवक इंगेब्रिक्त फ्लोत्तेन आणि शाळामास्तर लार्स आर्नेसन. (मास्तर! वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू.) वर ना गवत, ना पाणी, ना विकण्यासारखं काही. तरी गेले. म्हणजे खालच्या माणसालाही वर बघावंसं वाटत होतंच. पुढे १८८४ मध्ये क्नुट वोले ह्या गावकऱ्याने शिखराच्या वाटेवर दगडमातीच्या ओसाड माळावर प्रवाशांसाठी घर बांधलं. आजही तिथूनच दोराला बांधून लोकांना हिमनदी ओलांडून नेतात. नजारा विकायला गावकऱ्यांना वेळ लागला नाही.

गावाचे दोन कवी झाले. उलाव औक्रुस्त (१८८३-१९२९) शेतमालकाच्या घरातला, त्याला ह्या खोऱ्यात स्वर्गाची दारं दिसली. तोर योन्सन (१९१६-१९५१) भूमिहीन घरातला. त्याने गावातल्या उच्चनीचतेवर, तुच्छतेने बघणाऱ्या नजरांवर आयुष्यभर लिहिलं, आणि पस्तिशीच्या आतच स्वतःचं जीवन संपवलं. एकच खोरं, एकच बोली, एकच नदी! आणि तिसरा क्नुट हामसुन. १८५९ मध्ये जन्म ह्याच परिसरात, वडील शिंपी. पोरगा तीन वर्षांचा असताना कुटुंब पोटासाठी उत्तरेला गेलं. तिथल्या शेताच्या नावावरून त्याने हामसुन हे आडनाव घेतलं. ओसाड जमीन कसणाऱ्या माणसाची कादंबरी लिहून १९२० चं नोबेल मिळवलं. पुढे म्हातारपणी नाझींची तळी उचलून धरली, ते नॉर्वे विसरलेलं नाही. मातीचं गुणगान करणारे कधीकधी कुठे जाऊन पोचतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवलेलं बरं.

१९३८ मध्ये सोग्नेफियेलचा घाटरस्ता झाला, बेकार तरुणांच्या हातून. आधी त्याच वाटेने घोड्यांवरून लोणी आणि कातडी पश्चिमेला जात, मीठ आणि मासे इकडे येत. आता उन्हाळ्यात गाड्यांची रीघ असते, हिवाळ्यात रस्ता बंद. १९८० मध्ये युटुनहाइमेन राष्ट्रीय उद्यान झालं.

आणि शेतं? त्यांच्यासाठी एक कायदा आहे, जो ऐकून जावईबापू चकितच झाले. ठरावीक आकाराच्या वरचं शेत वारशाने घेणाऱ्याने वर्षाच्या आत तिथे राहायला जायचं आणि पाच वर्षं स्वतः राहायचं, जमीन कसायची. नुसतं उन्हाळ्यात येऊन खुर्ची टाकून बसायचं नाही. १९७४ पासून थोरला म्हणजे थोरलं मूल, मुलगी असली तरी. कोकणात आमच्या माहेरची कुलपं लागलेली घरं डोळ्यांपुढे आली, आणि असा कायदा आपल्याकडे आणला तर किती भाऊबंद कोर्टात जातील हेही आलं.

कायदा चांगला, तरी गाय पाळणारे कमी होतच चालले आहेत, आणि सेटरवरची कितीतरी घरं आता सुट्टीची घरं झाली आहेत. पर्यटक आले तर दुकानं चालतात, हॉटेलात तरुणांना काम मिळतं. पण कुरण गुरांनी चरलं नाही तर पंधरा-वीस वर्षांत झुडपं माजतात, आणि मग उलाव राजाला जे दिसलं ते दिसतच नाही. तो देखावा निसर्गाचा नव्हता. करडाच्या तोंडात काडी बसवणाऱ्या आणि रात्री पाण्याला उठणाऱ्या माणसांनी तो केलेला होता. पाहायला आलेल्यांनी हॉटेलच्या बिलाबरोबर त्याचेही थोडे पैसे द्यावेत असं माझं मत. तिथलं सरकार डोंगरातल्या शेतकऱ्याला अनुदान देतं, त्यावर शहरातले लोक कुरकुरतात. मला ती कुरकुर पटत नाही.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन होता. तिचं कामही आता घरून होतं, आणि लोमजवळ एक घर विकायला आहे म्हणे. शेत नव्हे, नुसतं घर, त्यामुळे पाच वर्षांची अट नाही. नातू आता मोठा झाला आहे, पण तोच जास्त मागे लागला आहे. "आई, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम पाच तासांचा असतो, शेजारी दोन शेतं पलीकडे, आणि त्यांना तुझी गरज काय ते आधी तू शोधायला हवं. फेब्रुवारीत पंधरा दिवस राहून या, कोणाच्या तरी गोठ्यात हात लावा, मग बोलू.

तिकिटं काढलीत म्हणाली.